डायलॉग पुटपुटतात, गाणी दणाणतात: होम थिएटरचं परत परत उलटणारं दुखणं

डोंबिवलीच्या घरी सिनेमा लागला की आईचा अंगठा रिमोटच्या आवाजाच्या बटणावरून हलत नाही. दोघं बोलायला लागली की आवाज वर, गाणं सुरू झालं की खाली, मारामारी आली की आणखी खाली, आणि कोणी मरायला टेकलं की पुन्हा वर, कारण मरताना माणूस हळू बोलतो. तेवढ्यात पार्श्वसंगीत दणकतं आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन येतो.

दादाने हे ५.१ होम थिएटर हौसेनं घेतलं. खोक्यावर ठसठशीत अक्षरांत १००० वॅट लिहिलेलं. दोन वर्षांत मेकॅनिक चारदा येऊन गेला. एकदा वायर बदलली, एकदा बास कमी केला, एकदा 'सेटिंग करून दिलं' (म्हणजे काय केलं, ते कोणालाच सांगता आलं नाही) आणि चौथ्या खेपेला "हे मॉडेलच जुनं झालं, नवीन घ्या" म्हणाला. दर वेळी आठ-पंधरा दिवस बरे जायचे, मग पहिले पाढे पंचावन्न.

शेवटी एका शनिवार-रविवारी मी ठाण मांडून बसले. सांगायची गोष्ट ही की आमच्याकडे बिघाड एक नव्हताच. चार होते, एकमेकांच्या आड लपलेले, आणि त्यातला एकही डब्याच्या (म्हणजे सगळे स्पीकर ज्याला जोडतात त्या मुख्य यंत्राच्या) आत नव्हता. एक सुधारला की थोडं बरं वाटायचं, दुसरा डोकं वर काढायचा. तुमच्याकडेही दुखणं असंच उलटत असेल तर स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी पुढचं वाचा.

आधी तक्रार फोडून घ्या

"आवाज नीट येत नाही" या एका वाक्यात तीन वेगळ्या तक्रारी असू शकतात. वहिनीला मी तीन आठवडे आधीच सांगून ठेवलं होतं की कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहीत जा: तारीख, काय बघत होतात, ते कुठून लावलं होतं (सेट-टॉप बॉक्स, टीव्हीतलं ॲप की पेन ड्राइव्ह) आणि नेमकं काय झालं. वहिनी शाळेत शिकवते, त्यामुळे नोंदी चोख. त्यांतून दिसलं ते असं. सेट-टॉप बॉक्सवरच्या मालिकांना कधीच त्रास नाही. ॲपवरचे सिनेमे बहुतेक वेळा पुटपुटतात. दोनदा तर डायलॉग साफ गायब झाले, फक्त संगीत आणि लांबून विहिरीतून आल्यासारखा थोडा आवाज. आणि लाइट जाऊन आले की त्या संध्याकाळी हमखास गडबड, कधी तर आवाज होम थिएटर सोडून टीव्हीतूनच.

निम्मं निदान इथेच झालं. पुटपुटणं, गायब होणं आणि टीव्हीतून येणं ही तीन वेगळी दुखणी आहेत. मेकॅनिकला आपण तिन्हींची मिसळ करून सांगतो आणि तो बिचारा त्या दिवशी जे दिसेल ते दुरुस्त करून जातो.

मधला स्पीकर बोलतोय का?

५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर. तो 'पॉइंट वन' म्हणजे फक्त खर्जासाठीची वेगळी वाट (चॅनल), साधारण १२० हर्ट्झच्या खालची. सिनेमातलं बहुतेक सगळं बोलणं टीव्हीखालच्या मधल्या स्पीकरला दिलेलं असतं. डायलॉगची तक्रार असेल तर पहिला संशयित तोच.

मी ॲपवर सिनेमा लावला, जमिनीवर बसले आणि मधल्या स्पीकरला कान लावला. चिडीचूप. बोलणं डाव्या-उजव्या स्पीकरमधून येत होतं, संगीतात कालवलेलं. मग मोबाइलचा टॉर्च शोकेसच्या काचेवर मारून डब्यावरची अक्षरं दाखवणारी इवलीशी पट्टी (डिस्प्ले) वाचली. तिथे 'पीसीएम २.०' असं झळकत होतं. दोन वर्षं ती अक्षरं तिथेच होती, कोणी वाचली नव्हती.

याचा अर्थ असा की ॲप सहा वाटांचा आवाज देत होतं, टीव्ही त्याचे दोन करून पुढे पाठवत होता, आणि डबा ते दोनच निमूट वाजवत होता. सहाचे दोन करताना मधल्या वाटेचं बोलणं ३ डेसिबलनं उतरवून डाव्या-उजव्यात वाटून टाकतात. मग त्याला तिथे तबले, व्हायोलिनं आणि हेलिकॉप्टरशी झगडावं लागतं. मालिकांना त्रास का नव्हता, तेही यातच आलं. त्यांचा आवाज मुळातच दोन वाटांचा असतो आणि बोलणं कायम पुढे राहील असा बेतलेला असतो.

इलाज टीव्हीच्या मेन्यूत आहे. आवाजाच्या सेटिंगमध्ये 'डिजिटल आउटपुट' असं काहीसं असतं. तिथे पीसीएम असेल तर ते बदलून ऑटो, बिटस्ट्रीम किंवा पासथ्रू करा; प्रत्येक कंपनीचा शब्द वेगळा. डबा जुना असेल तर ऑटोवर कधी कधी आवाजच येत नाही. आजची ॲप बहुतेक डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये आवाज देतात आणि जुन्या डब्याला फक्त साधं डॉल्बी डिजिटल कळतं. तेव्हा यादीतून 'डॉल्बी डिजिटल' हेच निवडा, टीव्ही आपला आपण रूपांतर करतो. बदल केल्यावर डब्याच्या पट्टीवर पीसीएम जाऊन डॉल्बीचं नाव आलं पाहिजे. ते आलं नाही तर बाकी काहीही करू नका, आधी हेच सोडवा. आणि ॲपमध्ये सिनेमाची भाषा निवडतानाही बघा. एकाच सिनेमाचा हिंदी आवाज ५.१ आणि मराठी किंवा इंग्रजी नुसता स्टिरिओ, असं सर्रास असतं.

लाइट गेल्यावर काय होतं

आमच्याकडे सेटिंग आधीपासून ऑटोवरच होतं, म्हणजे टीव्हीने आपला आपण ठरवायचं. मग तो पीसीएम का ठरवत होता? तर चालू होताना टीव्ही डब्याला विचारतो, "तुला काय काय वाजवता येतं?" डबा अजून जागा झालेला नसेल तर उत्तर येत नाही, आणि टीव्ही सगळ्यात साधा मार्ग धरतो: दोन वाटा. लाइट आले की दोघं एकदम उठतात आणि कोण आधी तयार होईल याचा नेम नाही. म्हणून कधी नीट, कधी बिघडलेलं.

टीव्हीकडून डब्याकडे आवाज उलटा नेणाऱ्या या सोयीला एआरसी म्हणतात. २००९ मध्ये एचडीएमआय १.४ सोबत ती आली. केबल त्याच पोर्टमध्ये हवी, ज्याच्या शेजारी एआरसी लिहिलेलं असतं. चार सारखी भोकं दिसतात म्हणून लोक कुठेही खुपसतात आणि मग चित्र येतं, आवाज येत नाही. दोन्ही यंत्रांनी एकमेकांना उठवायचं-झोपवायचं काम सीईसी नावाची दुसरी सोय करते. टीव्हीच्या मेन्यूत हा शब्द शोधत बसलात तर सापडणार नाही, कारण प्रत्येकाने त्याला आपलं बारशाचं नाव ठेवलंय: सॅमसंगवर ते ॲनिनेट प्लस, एलजीवर सिंपलिंक, सोनीवर ब्राव्हिया सिंक. बहुतेक टीव्हींवर ते बंद केलं की एआरसीही बंद पडतं, म्हणून टीव्ही आणि डबा या दोघांवर ते चालूच ठेवा.

बाकीच्यांवर मात्र बंद करा. आमच्या टीव्हीला मागे एक स्ट्रीमिंग स्टिकही लटकवलेली होती. तिचं सीईसीही चालू, त्यामुळे तीही अधूनमधून मध्ये तोंड घालायची आणि आवाज टीव्हीच्या स्पीकरवर जायचा. तिच्या मेन्यूत जाऊन ते बंद केलं. तेव्हापासून ती तक्रार थांबली.

लाइट जाऊन आल्यावर करायचं एवढंच: दोन्ही यंत्रं भिंतीवरच्या बटणापासून बंद, दोन-तीन मिनिटं थांबायचं (रिमोटने बंद केलेलं यंत्र खरं बंद नसतं), मग आधी डबा चालू, त्याची पट्टी उजळली की टीव्ही. वहिनीने स्विच-बोर्डाशेजारी चिठ्ठी चिकटवली आहे: 'आधी डबा, मग टीव्ही'. घरी येणाऱ्या पाहुण्यांना वाटतं, ही काहीतरी स्वयंपाकाची सूचना असावी.

वायर: एक तार आणि दिवाळीचा झाडू

पट्टीवर डॉल्बी आलं आणि मधला स्पीकर बोलायला लागला. पंधरा मिनिटांनी मी शोकेस जरा सरकवलं आणि बोलणं गायब! फक्त संगीत आणि तो विहिरीतला आवाज. ही वहिनीच्या नोंदींतली दुसरी तक्रार. आता बोलणं फक्त मधल्या वाटेवर होतं, त्यामुळे ती वाट तुटली की पूर्ण शांतता. तो विहिरीतला आवाज म्हणजे खोलीचा घुमारा दाखवायला बाजूच्या आणि मागच्या स्पीकरना दिलेला थोडासा अंश.

मधल्या स्पीकरच्या पाठीवरची स्प्रिंगची खुंटी दाबून वायर बाहेर काढली. सालपट जेमतेम तीन-चार मिलिमीटर काढलेलं, त्यामुळे खुंटीने प्लॅस्टिकच पकडलं होतं आणि तांब्याची एकुलती एक तार धातूला टेकत होती. झाडताना धक्का लागला की सुटायची, दुसऱ्या धक्क्याला लागायची. दिवाळीच्या साफसफाईनंतर तक्रार वाढायची ती यामुळे. सेंटीमीटरभर सालपट सोललं, तारा पीळ देऊन एकजीव केल्या, आत सारल्या आणि हलकेच ओढून बघितल्या. एकही तार शेजारच्या खुंटीला शिवता कामा नये. तसं झालं तर शॉर्ट होऊन डबा स्वतःला बंद करून घेतो, आणि नाही केलं तर त्याहून वाईट.

तेवढ्यात लक्षात आलं की डाव्या स्पीकरची अधिक-उणे उलटी लावली आहेत. तपासायची जुनी युक्ती: डबा बंद करा, स्पीकरच्या वायरी डब्यापासून सोडवा, मग त्या वायरींची टोकं पेन्सिल सेलच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. अधिकची तार सेलच्या अधिकला लावली की टक् होऊन पडदा बाहेर यायला हवा. आत गेला तर कुठेतरी उलटापालट झाली आहे. मोठ्या पडद्याच्या स्पीकरवर हे स्पष्ट दिसतं, लहानग्यांवर बोट हलकंच टेकवून कळतं. सेल दीड व्होल्टचाच घ्या. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावून लहान स्पीकर जाळलेले लोक मला माहीत आहेत (त्यातली एक मीच). एक स्पीकर उलटा असला की खर्ज आपसात कापला जातो आणि आवाज कुठून येतोय ते कळेनासं होतं.

मागच्या स्पीकरच्या वायरी इलेक्ट्रिशियनने फॉल्स सीलिंगमधून नेल्या होत्या. काम सुबक, वायर मात्र टेलिफोनला लावतात तशी, ०.२ चौरस मिलिमीटरची. डब्यापासून मागच्या स्पीकरपर्यंत १२ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन २४. एवढ्या बारीक तांब्याचा रोध दोन ओहमच्या घरात जातो. स्पीकर चार ओहमचा असेल तर ताकदीचा तिसरा हिस्सा वायरच खाणार. दीड चौरस मिलिमीटरची वायर घातली की तोच रोध पाव ओहमच्या आसपास येतो. घराचं काम चालू असेल तर हे आत्ताच सांगून ठेवा. पीओपी झाल्यावर नशिबाला दोष देत बसावं लागतं. आमच्या मागच्या वायरी अजून त्याच आहेत.

खोली

इथे मात्र वेळ द्या, कारण पैशाशिवाय सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो.

आमचा हॉल १० फूट बाय १६ फूट. खाली टाइल्स, भिंती उघड्या, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, सबवूफर कोपऱ्यात फुलदाणीचा स्टँड म्हणून, आणि मधला स्पीकर शोकेसच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, काचेच्या दाराआड. दाखवायला झकास, ऐकायला वाईट. डायलॉगच्या स्पष्टपणाचे सूर वरचे असतात आणि काच नेमके तेच अडवते. खर्जाला काचेचं काही वाटत नाही.

मधला स्पीकर कप्प्याच्या अगदी पुढच्या कडेला आणला, म्हणजे फळीवर आपटून परत येणारा आवाज कमी. तो जमिनीपासून फूटभरच उंच, आणि सोफ्यावर बसलेल्याचे कान साडेतीन फुटांवर. म्हणून पुढच्या कडेखाली कॅरमच्या दोन सोंगट्या ठेवून तोंड वर केलं. आईला लगेच फरक कळला. "आता माणसं समोर बसून बोलतायत," म्हणाली.

खर्जाची कहाणी वेगळी. प्रत्येक खोलीचे स्वतःचे सूर असतात. समोरासमोरच्या दोन भिंतींत लाट जिथे नेमकी अर्धी बसते तो सूर खोली स्वतःहून फुगवते. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटरच्या आसपास. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, त्यावरून निघतो ५६ हर्ट्झ. १६ फुटांचा ३५. म्हणजे या सुरांजवळचं काहीही आलं की आमचा हॉल ढोलासारखा घुमणार, मग डबा कुठल्याही कंपनीचा असो. हा फुगवटा भिंतीलगत आणि त्याहून कोपऱ्यात सगळ्यात जास्त. आमचं सब कोपऱ्यात आणि आमची डोकी भिंतीला टेकलेली. दोन्ही टोकं जमून आली होती. चौरस खोली असेल तर दोन्ही बाजूंचा सूर एकच येतो, तिथे आणखी त्रास.

सबची जागा शोधायची एक वेडगळ दिसणारी पण चोख पद्धत आहे. सब उचलून सोफ्यावर ठेवा, जिथे आपण बसतो तिथेच. खर्जाचं एकसारखं गाणं लावा आणि भिंतीच्या कडेकडेने रांगत फिरा, कान जमिनीजवळ. काही जागी नुसता घुमारा, काही जागी खर्ज गायबच, आणि एखाद-दोन जागी प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. जिथे सुटा ऐकू येतो तिथे सब ठेवायचं. मी रांगत असताना आई स्वयंपाकघरातून आली. "अगं, काय हरवलं?" तोवर भाचाही माझ्यामागे रांगायला लागला होता. आमची जागा निघाली समोरच्या भिंतीला, कोपऱ्यापासून साडेतीन फुटांवर. सोफा दीड फूट पुढे ओढला. दादाला हॉल लहान दिसतो म्हणून तो सवा फुटावर तुटला. टीव्ही आणि सोफा यांच्यामध्ये सतरंजी टाकली. खालच्या काकूंच्या सोयीसाठी सबखाली जुन्या योगा मॅटची दुहेरी घडी, तेवढ्याने छताची थरथर उतरते.

माइक लावताना पंखा बंद करा

डब्यासोबत एक छोटा माइक आला होता. पाचही स्पीकर आळीपाळीने 'शूं' करतात, माइक ऐकतो आणि डबा प्रत्येकाचं अंतर आणि पातळी ठरवतो. सोय फार चांगली. पण पहिल्या वेळी हे केलं तेव्हा माइक सोफ्याच्या गादीवर आडवा पडला होता आणि वरती पंखा पाचावर. मधल्या स्पीकरची पातळी डब्याने खाली उतरवून ठेवली होती, देव जाणे का.

माइक कानाच्या उंचीवर हवा, सोफ्याच्या पाठीपासून सुटा. मी फोनच्या ट्रायपॉडवर बांधला. पंखा बंद, खिडक्या बंद, कुकर बंद, भाचा शेजारी. मग डब्याने काढलेली अंतरं टेपने मोजून बघितली. आवाजाला एक फूट जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो, तेवढ्या हिशेबाने डबा जवळच्या स्पीकरला थांबवून धरतो. सबचं अंतर खऱ्यापेक्षा जास्त आलं तर बदलू नका. सबमधली यंत्रणा आवाजाला जो उशीर करते तोही त्यात धरलेला असतो.

त्यानंतर हाताने दोनच गोष्टी बदलल्या. मधला स्पीकर ३ डेसिबलनं वर. आणि खर्जाची सीमा: किती हर्ट्झच्या खालचं सबला द्यायचं, ती रेषा. चांगल्या आकाराच्या स्पीकरना ८० हर्ट्झ हा रुळलेला आकडा आहे, पण आमचे स्पीकर मुठीएवढे, तीन इंची. त्यांना ८० वर ठेवलं की पुरुषांचे आवाज पोकळ येतात. १५० वर नेलं.

उरला नाइट मोड. थिएटरमध्ये सिनेमा ज्या पातळीवर बांधतात तिथे प्रत्येक वाटेचा आवाज ८५ डेसिबलच्या मापावर लावलेला असतो आणि धडाका १०५ पर्यंत जाऊ शकतो, सबचा तर ११५. एवढं फ्लॅटमध्ये कोणी ऐकत नाही, ऐकलं तर सोसायटीची मीटिंग लागेल. आपण एकूण आवाज उतरवतो, तेव्हा कुजबुज पंख्याच्या आवाजाखाली जाते. नाइट मोड कुजबुज उचलतो आणि धडाका दाबतो. दादाचं म्हणणं, "मग थिएटर कशाला घेतलं?" आईचं म्हणणं, "मला गोष्ट कळली पाहिजे." दहानंतर नाइट मोड, त्याआधी दादाचं राज्य, असा तह झाला आहे. टीव्हीतला 'ऑटो व्हॉल्यूम' मात्र बंद ठेवा, नाहीतर आवाज दोनदा दाबला जाऊन सपाट होतो.

सगळ्यात शांत प्रसंगातही 'हूंऽऽ' असा आवाज येत असेल तर तो वेगळा बिघाड. आपली वीज ५० हर्ट्झची, तीच गुणगुणते. केबलची किंवा डिशची गोल वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून बघा. हूं थांबलं तर दोन ठिकाणच्या अर्थिंगचा फेरा आहे, केबलवाल्याला किंवा डिशवाल्याला बोलवा. प्लगची अर्थिंगची पिन कापू नका. कोणी कितीही छातीठोकपणे सांगो.

मग नवीन घ्यायचं का?

दादाने विचारलंच. मी म्हटलं, आत्ता नको. पण पुढे घेशील तेव्हा खोक्यावरचा आकडा बघू नकोस. १००० वॅट हा सगळ्या वाटांचा मिळून, बऱ्याचदा आवाज १० टक्के फाटू देऊन (विकृती सोसून) काढलेला आकडा असतो. ताकद दुप्पट केली तर आवाज जेमतेम ३ डेसिबलनं वाढतो, कानाला दुप्पट वाटायला दहापट लागते. ५०० आणि १००० मधला फरक ऐकायला येण्यापेक्षा खोक्यावरच जास्त दिसतो.

या दोन दिवसांत आम्हाला काय काय उपयोगी पडलं ते आठव, म्हटलं. येणारा आवाज कुठल्या प्रकारचा आहे ते सांगणारी पट्टी. हल्ली बऱ्याच सुंदर साउंडबारवर ती नसते, नुसता रंग बदलणारा दिवा, आणि कुठला रंग म्हणजे काय ते माहितीपुस्तिकेत शोधा. मधल्या स्पीकरची पातळी वेगळी वर-खाली करता येणं. हे ज्यात नाही ते घरात वयस्कर माणूस असेल तर घेऊच नये असं माझं मत. स्पीकरच्या पाठीला साध्या खुंट्या असणं; आमच्याला होत्या म्हणून दुरुस्ती झाली. बऱ्याच पॅकेज सेटना कंपनीचेच रंगीत प्लग असतात आणि स्पीकर तीन ओहमचे. डबा गेला की स्पीकर दुसऱ्याला लागत नाहीत, म्हणजे सगळंच भंगारात. ई-एआरसी असेल तर उत्तम, २०१७ च्या एचडीएमआय २.१ मधली ही सोय एआरसीपेक्षा आवाजाचा भरपूर जास्त डेटा नेते, पण ती टीव्हीलाही हवी. आणि वायरलेस सबच्या जाहिरातीला भुलू नकोस, त्यालाही प्लग लागतोच, तेव्हा जिथे ठेवायचं तिथे बटण आहे का ते बघ.

चकचकीत काळा पुढावा शोरूममध्ये राजस दिसतो. घरी त्यात टीव्हीचं प्रतिबिंब हलतं आणि त्यावर रोज धूळ. मॅट घे, म्हटलं. हे मात्र त्याला लगेच पटलं.

काम संपवून डब्यावर हात ठेवला तर तो चांगलाच तापलेला. वरच्या जाळीवर भाच्याच्या वह्यांचा गठ्ठा. मागच्या मे महिन्यात डबा दोनदा आपोआप बंद पडला होता, ते उष्णतेनेच असावं असा माझा अंदाज आहे. वह्या हलवल्या, वर चार इंच मोकळी जागा ठेवली. शोकेसची काच काढून माळ्यावर ठेवली आहे. दादा म्हणतो दिवाळीला परत लावणार, वहिनी म्हणते बघू.